चाळीस कोट क्लाउडवर

३ मार्च, सकाळ
हॉटेलचा मॅनेजर दुकानात आला. चाळीस वेटरांचे कोट, शिवाय त्याचा स्वतःचा. एवढं मोठं काम आजवर आलं नाही. हे हुकलं तर आपण पॅन्टच्या चेन बदलून देणारेच राहणार. अट एकच, मापं क्लाउडवर पाहिजेत. म्हटलं, आमचं सगळं क्लाउडवरच असतं. असेल. शनिवारपर्यंत.

दुपार
सूनबाईला क्लाउडबद्दल विचारलं. म्हणजे तिला किती येतं ते पाहिलं. म्हणाली, बाबा, मापांची वही आपल्याकडे न ठेवता दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायची. भिजत नाही, हरवत नाही, कुठूनही दिसते. एवढंच? उगाच बाऊ करतात. नमुना म्हणून तिने माझंच माप घेऊन भरलं. मी पाहिलं नाही. माझं माप मला पाठ आहे.

४ मार्च
हॉटेलात जाऊन मापं घेतली. नेहमीसारखी वहीत. नावं कोण लक्षात ठेवतो? खुणा लिहिल्या. बांबू. बेडूक. झोपाळू.

६ मार्च
टायपिंग चालू. एका बोटाने. सून म्हणाली, द्या, मी भरते. नको म्हटलं, ती शेरे गाळेल. नुसत्या आकड्यांवर कोट बसतो का? 'डावा खांदा पडका.' 'मान नाहीच, कॉलर कुठे लावावी?' 'मॅनेजर: पोट आत ओढून माप देतो. दोन इंच माया सोडणे.' तेहतीस वर्षं असंच लिहितोय, एकाची तक्रार नाही.

८ मार्च, १०.४०
तयार. सून म्हणते, पाठवण्याआधी मला दाखवा. हिला प्रत्येक भांड्यात डोकावायचं असतं. ती बाजारात गेलीय. चार फेऱ्या मारल्या. थांबवेना.

११.०५
शेअर दाबलं. झालं. क्लाउड चांगली चीज आहे, माणसांचा वेळ वाचतो.

११.२०
एका वेटरचा फोन. विचारतो, बेडूक म्हणजे मीच ना? तुला कोणी सांगितलं? म्हणाला, मॅनेजरसाहेबांनी न वाचताच सगळ्यांना पाठवलंय, काका, आपापलं माप तपासा म्हणून. बांबू आणि झोपाळू शेजारीच उभेत.

११.४५
सगळं पुसलं. सून आली. म्हणाली, बाबा, पुसलेलंही परत काढता येतं, आणि कोणी किती वाजता पुसलं तेही दिसतं. हा म्हणे फायदा.

९ मार्च, दुपार
मॅनेजर आला. बसला नाही. काम दुसरीकडे देतो म्हणाला. मी समजावणार होतो, सूनबाईने मला चहा सांगायला पिटाळलं. परत आलो तर ती त्याचं माप घेत होती. म्हणाली, साहेब, श्वास सोडा. त्याने सोडला. बरोब्बर दोन इंच! मी म्हणणार होतो, पण तिने माझ्याकडे पाहिलं.
काम आपल्याकडेच राहिलं. मापं आणि क्लाउड आता सूनबाईकडे. मी फक्त कापायचं. तसं मीच सुचवणार होतो. व्याप वाढला होता.

संध्याकाळ
पुसलेलं परत आणताना तिने शेरे काढले की नाही ते बघायला क्लाउड उघडला. काढलेत. एक राहिलाय, पहिल्याच ओळीत, तीन तारखेचा. 'बाबा: छाती फुगवून माप देतात. दोन इंच कमी धरणे.'
म्हणजे चाळीस जणांनी वाचलं.
दार लावलं. आरशासमोर उभा राहिलो, श्वास सोडला, टेप लावला.
अडीच.