फासात आलेली तोफ

मिएर, ४ ऑक्टोबर १८३९

पूज्य बाबा,

तुमच्या चार बोटांच्या हाताला ओठ लावून सांगतो, काल आम्ही जिंकलो!

राजधानीचं सैन्य तोफा घेऊन आलं होतं. आमचे दोर नि खोगिरं बघून ते ओरडले, "गुराख्यांनो, घरी जा, गाई वाट बघतायत!" मग मी माझ्या पालोमा घोडीला टाच मारली, धुरात घुसलो आणि मोठ्या तोफेच्या तोंडाभोवती फास अडकवला. मस्तवाल बैल ओढावा तशी तिला ओढ्यापर्यंत फरफटत आणली. माझा सोबती एलेउतेरियो म्हणतो, "लेका, धार काढायची तेवढी राहिली!"

ओढा आमच्या ताब्यात होता, त्यामुळे दुपारी तहानेने व्याकूळ होऊन त्यांनीच पांढरं फडकं दाखवलं. आता उत्तरेचा कारभार उत्तरेचीच माणसं बघतील.

अक्षर एलेउतेरियोचं आहे. मी दमलोय, एवढंच आईला सांगा. तिने दिलेलं सुकं मांस अजून पुरतंय. तपकिरी गाय व्याली का? तुमचा खोकला कसा आहे?

यापुढचं मात्र मोठ्याने वाचू नका.

दोर खोगिराच्या खुंटाला गुंडाळताना अंगठा वर ठेव, असं तुम्ही हजारदा बजावलंत. काल घाईत विसरलो. जखम डागली आहे, ताप नाही. रात्री थोडं ठणकलं, इतकंच.

पण बाबा, तुमचा अंगठा एका बैलाने नेला, त्यावर तुम्ही वीस वर्षं बढाई मारताय. माझा तोफेने नेलाय. आता बोला!

तुमचाच,
सिप्रियानो