आईच्या घरची कॉफी

नानोर्तालिक, ग्रीनलंड
२१ ऑगस्ट

लाडक्या अविया,

पाय सुजत असतील तर उशीवर ठेवून पड, आणि येन्सला म्हणावं, बायकोचा नववा महिना आहे, जरा चूल बघ. विमानात बसू दिलं नाही त्यात तुझा काय दोष? रडत बसू नकोस.

इथे बेरी पिकल्यात. गाव मात्र ओळखू येत नाही गं. नूकहून मी दोन वर्षांनी आले, तर धक्क्यावर सील कापायचे तिथे आता टोप्या विकतात. जहाज लागलं की गावात असतील त्याहून जास्त माणसं उतरतात.

फोनवर म्हणाले ना, आईला पोचवून आल्यावर घर माणसांनी भरून गेलं होतं? भरलं होतं खरं. पण आपली माणसं नव्हती.

पाद्रीबाबांना दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीवर जायचं होतं, म्हणून पुरणं लांबवता येईना. आणि नेमकी त्याच दिवशी दोन जहाजं आली. पुरुष होड्यांतून प्रवासी उतरवत होते, बायका सभागृहात वाढत होत्या. आई ज्यांच्याबरोबर चर्चमध्ये गायची, ती मंडळीसुद्धा जहाजवाल्यांसाठी गात होती. आईच्या शवपेटीला खांदे पुरेनात. एक बाजू मी धरली.

घरी येऊन रीतीप्रमाणे कॉफी ठेवली, केक मांडले, दार उघडं टाकलं. आणि जहाजावरचे लाल जाकिटवाले आत! आई उन्हाळ्यात त्यांना पैसे घेऊन कॉफी पाजायची, ठाऊक आहे ना तुला? आपलं घर त्यांच्या फेरीतून काढायचं कोणाला सुचलंच नाही. बूट काढून शहाण्यासारखे बसले बिचारे. एका म्हातारीनं हसून विचारलं, "वाढदिवस कोणाचा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आईचा."

मग काय! सगळ्यांनी टाळ्या वाजवत वाढदिवसाचं गाणं म्हटलं, आईच्या फोटोकडे बघून. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. मी आपली कॉफी ओतत राहिले.

जहाजं गेल्यावर शेजारची मार्ग्रेथे धावत आली, कमरेला एप्रन तसाच. "निवी, तोंड दाखवायला जागा नाही आम्हाला."

"मग दाखवतेस कशाला?" मी फटकारलं.

"हे काम आम्हाला तुझ्या आईनंच लावून दिलं बाई. ती असती तर म्हणाली असती, आधी पाहुण्यांचं बघा."

हे मात्र अगदी आईचंच बोलणं. दोघी गळ्यात पडून रडलो. मागोमाग सगळं गाव आलं, तर केकचा तुकडा शिल्लक नाही. वाळके मासे आणि काळी कॉफी, एवढ्यावर आईची बोळवण केली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाळाचं नाव ईडा ठेवायचं तुमचं ठरलंय, येन्सची हौस आहे, सगळं कळतं मला. पण आईचं बोलेट हे नाव अजून कोणालाच दिलेलं नाही. मार्ग्रेथे तिच्या होणाऱ्या नातवासाठी मागत होती. मी म्हटलं, थांब, आधी आमच्या घरी. नाव दिलं की गेलेलं माणूस परत येतं, हे आईनंच शिकवलं ना आपल्याला? मुलगा झाला तरी चालेल, आपल्यात कुठे तसं बंधन आहे? माझ्याकडून बळजबरी नाही. पण मग मी सांगितलेला तो वाढदिवस खोटा ठरणार नाही गं. आणि मला पुन्हा कोणाला तरी आई म्हणता येईल.

कळा सुरू झाल्या की फोन कर. मी कॉफी ठेवीन.

आईला सांभाळून आण.

तुझी ताई,
निवी