सरकार बंद ठेवायची तयारी

सेंट पॉल, १७ मे

प्रिय ऑर्लिन,

स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईने वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात कॉफी सांडली आणि ती शेजारच्या बाईने सांडली असं साऱ्यांना पटवून दिलं, हे वाचून बरं वाटलं. विसरत असेल, पण वकिली शाबूत आहे.

इकडची बातमी अशी, की तुझ्या धाकट्या बहिणीला बढती मिळाली आहे, पगार तोच. एक जुलैला राज्याचं नवं आर्थिक वर्ष लागतं आणि गव्हर्नर व विधिमंडळ यांचं अर्थसंकल्पावर जमत नाही. नाहीच जमलं तर खर्चाला मंजुरी नाही, म्हणजे सरकार बंद. आमच्या खात्याला कुलूप कसं घालायचं, याची योजना माझ्या टेबलावर आली आहे. एरवी एका पत्राला उत्तर द्यायला दोन महिने घेणारं हे सरकार, बंद पडायचं म्हटल्यावर सहा आठवडे आधीपासून झपाट्याने कामाला लागलंय.

काम सोपं आहे. खात्यात अकराशे माणसं. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हा माणूस उद्या आला नाही, तर कोणाचा जीव, आरोग्य किंवा सरकारी मालमत्ता धोक्यात येईल का? येत असेल तर तो 'अत्यावश्यक', नसेल तर बिनपगारी घरी. आमचे साहेब, डेल, म्हणाले की 'अनावश्यक' हा शब्द लोकांना लागतो, तेव्हा 'दुसरी फळी' म्हणू या. दुसऱ्या दिवसापासून सगळी कचेरी पहिल्या फळीत कोण कोण ते हुडकत फिरते आहे.

लोक माझ्याशी फार गोड बोलू लागलेत. काल हिशेबखात्यातल्या एकाने घरच्या रूबार्बच्या आंबटगोड वड्या आणल्या. मी घेतली नाही. घरी येऊन डायरीत लिहिलं: न घेण्यात सचोटी किती आणि तोरा किती? वडी चांगली दिसत होती.

हे सगळं पत्रातच लिहिते. कचेरीची ई-मेल कोणीही मागवून वाचू शकतं, आणि तुझ्या घरच्या संगणकावर आई स्वेटर वाळत घालते.

लोभ चालू ठेव. तो मी अत्यावश्यक सेवांत धरला आहे.

तुझी
मार्लिस

*

लुंडबी, २३ मे

राज्याच्या मुख्य कुलूपवाल्या मार्लिसबाई यांस,

आशीर्वाद, वि. वि.

तुझा प्रश्न आमच्या मत्स्यबीज केंद्रात बाकीच्या तिघांना वाचून दाखवला. आमच्याकडे दोन लाख ट्राउट आहेत. त्यांना सक्तीच्या रजेची नोटीस कशी द्यायची ते कळव. मासे मत देत नाहीत, पण दिवसातून तीनदा खातात, हे विधिमंडळात कोणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. आमच्यातल्या एकाने सुचवलं, की माशांना सेंट पॉलला नेऊन सभागृहाच्या कारंज्यात सोडावं. तिथे निदान कोणी तरी काही तरी करताना दिसेल.

आता कामाचं. आईच्या केंद्रातली कॉलीन सांगत होती, की त्यांना मिळणारा पैसा तुझ्याच खात्यातून येतो. मी सकाळी सातला आईला तिथे सोडतो आणि कामावर जातो, तेव्हा कुठे माझा दिवस उभा राहतो. एप्रिलमध्ये केंद्राला एक दिवस सुट्टी होती. मी दुपारी जेवण द्यायला आलो तर घर उघडं. आई सपाता घालून हमरस्त्यावर, बाबांच्या गाई शोधत. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि गाई त्याच्याही आधी विकल्या. एका ट्रकवाल्याने तिला थांबवून धरलं होतं. तुला काळजी नको म्हणून तेव्हा लिहिलं नाही.

मी काही मागत नाही. मागितलं तर तू डायरीत काय लिहिशील ते मला ठाऊक आहे. फक्त सांगून ठेवलं.

लोभ आहेच. तो बंद करायला कोणाची सही लागते ते मात्र कळू देऊ नकोस.

ऑर्लिन

*

सेंट पॉल, ६ जून

प्रिय ऑर्लिन,

स. न. वि. वि.

हमरस्त्याचं वाचलं. तू तेव्हाच लिहायला हवं होतंस. लिहिलं असतंस तर मी काय केलं असतं, हाही प्रश्न आहेच.

खात्याच्या अनुदानांनाही तोच प्रश्न लावायचा असतो. त्यातलं आपल्या जिल्ह्याचं पान काल माझ्यासमोर आलं. त्यात आईचं केंद्र. एक ओळ लिहायची होती: 'बंद ठेवल्यास वृद्धांच्या जिवाला धोका'. ते खरंच आहे. पण ती ओळ मी लिहिते आहे ती खरी आहे म्हणून, की माझी आई तिथे जाते म्हणून? तासभर पेन हातात धरून बसले. शेवटी ते पान समोरच्या रूथअॅनकडे दिलं आणि वर चिठ्ठी जोडली, की माझा कौटुंबिक संबंध असल्याने मी यावर मत देत नाही. सही, तारीख. रूथअॅन समंजस बाई आहे, जे योग्य तेच लिहील. आणि मग ते आपल्या आईसाठी केलेलं राहणार नाही, योग्य म्हणून केलेलं असेल. हा फरक तुला कदाचित बारीक वाटेल.

तुझी मात्र काळजी मिटली. ट्राउट ही सरकारी मालमत्ता ठरली आहे, म्हणून मासे अत्यावश्यक. तू नाहीस, मासे. तू त्यांच्या देखभालीचं साहित्य. पण चौघांऐवजी एकालाच ठेवायला मंजुरी मिळाली, आणि तुमच्या खात्याने सर्वांत जुन्या माणसाचं नाव दिलं.

लोभ आहे तसाच राहू दे.

मार्लिस

*

लुंडबी, १३ जून

चि. मार्लिस हिस,

आशीर्वाद, वि. वि.

अत्यावश्यक असल्याचं पत्र मिळालं. एकतीस वर्षांच्या नोकरीत सरकारने माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. फ्रीजवर लावला आहे. आईने वाचला आणि म्हणाली की माणसं चुकून कोणालाही पत्रं पाठवतात.

अडचण एवढीच, की चौघांचं काम एकट्याने करायचं म्हणजे बंद उठेपर्यंत मत्स्यबीज केंद्रातच मुक्काम. पाण्याचा पंप अडला तर तासाभरात अर्धे मासे उलटे तरंगतील, तेव्हा जागा सोडायची नाही, असा लेखी हुकूम आहे. वीस मैलांवर आई आणि मी इथे ट्राउटांचा पाहुणा.

तरी जमवलं. संध्याकाळनंतर शेजारची व्हर्ना घरी येऊन झोपेल. ती दिवसा बेकरीत असते. म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सहा आईचं केंद्र उघडं असलं की झालं. तेवढ्यावर सगळं टेकलं आहे. तुझ्या त्या समंजस रूथअॅनने काय लिहिलं ते कळव.

लोभ असो, आणि थोडी घाई पण असो.

ऑर्लिन

*

सेंट पॉल, २४ जून

प्रिय ऑर्लिन,

स. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

रूथअॅनने त्या पानावर काही लिहिलं नाही. तिची नणंद त्या केंद्रात स्वयंपाक करते. तिने आपली चिठ्ठी जोडून पान पुढच्याला दिलं. पुढच्याच्या चर्चने केंद्राला खुर्च्या दिल्या होत्या. त्याने चिठ्ठी जोडली. असं करत ते डेलकडे गेलं. डेल आणि केंद्राचे व्यवस्थापक एका वर्षी हरणाच्या शिकारीला एकत्र गेले होते. हरीण मिळालं नाही, पण संबंध तो संबंध. त्यांनी ते कायदेवाल्याकडे धाडलं. त्याचा संबंध काहीच नव्हता, आणि ज्याचा संबंध नाही त्याने मत देऊ नये असं त्याचं मत पडलं. शुक्रवारी पाचला मुदत संपली.

त्या पानाला आमच्या सचोटीच्या सात चिठ्ठ्या टाचलेल्या आहेत, सह्या-तारखांसकट, आणि मजकूर एकही नाही. कोरी जागा म्हणजे 'कोणालाही धोका नाही' असा नियम आहे. नियम मीच केला होता, काम लवकर उरकावं म्हणून.

आईचं केंद्र एक तारखेला बंद होतंय. योजना मंजुरीसाठी न्यायालयात गेली, आता तीत भर घालता येत नाही. मी विचारलं. उत्तर मिळालं, की सरकार उघडल्यावर दुरुस्तीचा अर्ज करावा.

माझा लोभ मागायचा हक्क आहे की नाही, ते तू ठरव.

मार्लिस

*

लुंडबी, २७ जून

मार्लिस,

आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर.

सातही जणांचे हात स्वच्छ आहेत हे वाचून आनंद झाला. आईचे हात कोण धुणार तेवढं कळव. तिची चूक एवढीच, की ती सरकारी मालमत्ता नाही. कल्ले आणि शेपटी असती तर तिला दिवसातून तीनदा खायला घालायला सरकारने एक अनुभवी माणूस ठेवला असता. तो माणूस मी आहे. मी चार नंबरच्या टाकीत तिला बसवायचा विचार केला. पण बाहेरच्यांना आत सोडायला मनाई आहे, आणि तिने टाकीतल्या सगळ्यांना सरळ करायला घेतलं असतं.

लहानपणी मी तुझी पेन्सिल घेतली तेव्हा तू बाबांना जाऊन सांगितलंस, की 'पेन्सिल मीच नीट ठेवली नाही'. मार मलाही बसला आणि तुलाही. तेव्हापासून तू स्वतःला अशीच पकडून देतेस, आणि दर वेळी कोणीतरी दुसराही सापडतो.

एकच विचारतो. अकराशे माणसांपुढे तो प्रश्न लिहिलास. तू स्वतः कुठल्या फळीत आहेस?

उरला. आशीर्वाद.

ऑर्लिन

*

सेंट पॉल, २९ जून

प्रिय ऑर्लिन,

स. न. वि. वि.

पहिल्या फळीत. माझ्या नावापुढे डेलनी लिहिलं आहे, 'बंद उठल्यावर सरकार कसं उघडावं याची योजना करण्यासाठी'. मी ती ओळ वाचली होती आणि मला ती आवडली होती, हे कबूल करते.

आज तोच प्रश्न मी स्वतःला घातला. मी उद्या आले नाही, तर कोणाच्या जिवाला धोका? सेंट पॉलमध्ये कोणाच्याच नाही. आले, तर लुंडबीत एकीच्या. मी माझं नाव खोडलं. डेल म्हणाले, असं कोणी कधी केलं नाही, त्याचा अर्जही छापलेला नाही. मी दुसऱ्या फळीचा अर्ज घेतला आणि कारणाच्या जागी लिहिलं: कौटुंबिक संबंध. चिठ्ठी जोडली नाही.

हे सरळसरळ आपल्या माणसाची बाजू घेणं आहे. डायरीत तसंच लिहून ठेवलं आणि पान उलटलं.

उद्या गाडी घेऊन निघते. लोभ भेटीत.

मार्लिस

*

लुंडबी, ६ जुलै

प्रिय ऑर्लिन,

स. न. वि. वि.

टपाल देशाच्या सरकारचं, वॉशिंग्टनवाल्यांचं, म्हणून हे पत्र तुला पोचेल. राज्याचं असतं तर मी खोडलं असतं.

आई ठीक आहे. हमरस्त्याकडे दोनदा निघाली. दोन्ही वेळा मी बरोबर गेले, आम्ही गाई पाहून आलो. नव्हत्या. घरी येऊन तिने माझ्याकडून बटाटे सोलून घेतले आणि सालं फार जाड निघतात म्हणून पुन्हा शिकवलं.

मला ती ओळखत नाही. मी तीनदा सांगितलं, की मी मार्लिस, तुझी मुलगी. ती म्हणाली की तिच्या मुलीला सेंट पॉलला मोठी नोकरी आहे, तिला यायला जमत नाही. काल व्हर्ना आली तेव्हा आईने माझी ओळख करून दिली, ती अशी: केंद्र बंद झालं म्हणून सरकारने ही बाई घरी पाठवली आहे. इतक्या वर्षांत सरकारला सुचलेलं हे पहिलं शहाणपण. बाई जरा हळू आहे, पण शिकेल.

मी खुलासा करायला तोंड उघडलं होतं. व्हर्नाने माझ्याकडे असं पाहिलं, की मिटलं.

मग जेवायला बसलो. आईने हात जोडून रोजची प्रार्थना म्हटली, बटाट्यांबद्दल आभार मानले, आणि मोठ्याने आणखी एक मागणं मागितलं. सेंट पॉलमध्ये जे भांडताहेत त्यांचं भांडण देवाने लवकर मिटवू नये. मिटलं की ते हिला परत नेतील, आणि हिला अजून नीट बटाटेही सोलता येत नाहीत.

ऑर्लिन, हजारो माणसं घरी बसली आहेत, त्यांतली कित्येक माझ्या एका ओळीने. त्या साऱ्यांचा विचार मनात आला. व्हर्ना वाट पाहत होती, आई एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होती. मी आमेन म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

लोभ असू दे, आणि ट्राउटांना नमस्कार सांग.

तुझी
मार्लिस