फाट्यावरचा बंदोबस्त

१२ जाने., सोम. धुळे
उद्या बंदोबस्त आमच्याच गावच्या फाट्यावर. हायवे अडवणाऱ्या बायकांत सगळ्यात पुढे अक्का, माझी मोठी बहीण. मी तिला फोन करून सांगितलं, असलं बसून काही होत नसतं. पोलिसात आल्यापासून या हातांनी किती रस्ता रोको उठवले, एकाचंही पुढे काही झालेलं पाहिलं नाही. ती म्हणाली, "मंग तू सांग, काय करू?" मी चिडले, फोन ठेवून दिला.
दिवाळीत भाऊजी, अक्काचे यजमान, तिथंच गाडीखाली गेले. दुधाचे कॅन घेऊन हायवे ओलांडताना. हायवेखालून वाट करून द्या, एवढंच मागणं. मान्य. पण रस्त्यावर बसून?

१३ जाने., मंगळ.
दुपारपर्यंत बसल्या. ट्रकवाले शिव्या देताहेत. आमदारांचा माणूस आला, निवेदन घेताना फोटो काढला, गेला. मग साहेब मला म्हणाले, "तुमच्या ओळखीच्या ना? उचला."
अक्का आडवी झाली. "माले तूच उचल. दुसरा कोन्हा हात नको." उचललं. केवढी हलकी झालीय. गाडीत चढवताना तिचं कोपर दारावर आपटलं. बाकीच्या बायकांना म्हणाली, "हाई मन्ही बहीण शे." सगळ्यांसमोर. मुद्दाम. राग अजून उतरला नाही.

५ फेब्रु., गुरु.
आईचा फोन. फाट्यावर मोजणीवाले आले, चुन्याच्या रेघा मारून गेले. लगेच बॅनर, आमदारांच्या पाठपुराव्याला यश. गावात निम्मे म्हणतात बायका बसल्या म्हणून, निम्मे म्हणतात निवडणूक आली म्हणून. निवडणूकच. दुसरं काय.
पण मग भाऊजी गेले तेव्हा लगेच का नाही आले...
जाऊ दे. अक्का माझा फोन उचलत नाही.

२१ फेब्रु., शनि.
चुना उडून गेला, काम नाही. गुन्हा मात्र दाखल. अक्का पहिली आरोपी. पोलिसांना धक्काबुक्की केली म्हणे. कोणाला? तिला तर मी उचललं.
साहेब म्हणाले, "साक्षीदारांत तुम्ही आहात. तुमचा जबाब टाईप करून ठेवलाय, सोमवारी सही करा."
घरी ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "सही कर न् मोकळी हो. नोकरी कोणी दुसरी देणार आहे का?"
आई सांगते, सोमवारी अक्का परत बसणार. हिला अक्कल कधी येणार. परत बसून काय मिळणार?
साहेबांना मेसेज टाकला, आधी जबाब वाचेन. उत्तर आलं, "त्यात वाचण्यासारखं काय आहे?"