ब्रेक दाबलाच होता, मामा!

प्रिय मामा,

काल विलास तुमची फटफटी घेऊन कडब्याच्या गंजीत घुसला. घाबरू नका, कोपर सोलवटलंय, बाकी तुमचं पोरगं धडधाकट आहे. तुम्ही जाऊन वर्ष झालं, आता हे कळवायचं तरी कुठं? पण कालपासून जिवाला इतकं हलकं वाटतंय, की तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

गाडी वडगावला गोठ्यात धूळ खात होती. मीच टेम्पोत घालून केडगावला माझ्या गॅरेजवर आणली, कार्बोरेटर साफ केला, चेन बदलली. धडधडायला लागली तशी शैला पिठाच्या हातानं बाहेर आली. "आबा आल्यागत वाटलं वो," म्हणाली. लेक तुमचीच!

काल विलास गाडी न्यायला आला, मामींना घेऊन. मी म्हटलं, "विलासराव, हिचा गियर उजव्या पायाशी आन् ब्रेक डाव्या पायाशी. तुमच्या गाडीच्या उलटं. ध्यानात ठेवा."

"दाजी, रोज रांजणगावला कंपनीत गाडीवर जातो मी. मला शिकवता व्हय?" आणि मामींना म्हणतो, "बस गं आई मागं."

तुमच्या घरात सरळ सांगून भागत नाही, हे मी लग्नाच्या बैठकीतच शिकलो. म्हणून म्हटलं, "मामी, शैलानं चहा टाकलाय. न पिता गेलात तर शिव्या मला बसतील." मामी उतरल्या. विलासला म्हटलं, "तवर मागच्या मैदानात चक्कर मारा. रस्त्यावर न्हाई."

झाडाखाली पाने-पकड घेऊन गाड्या दुरुस्त करत बसणाऱ्याला मुलगी देताना तुम्ही म्हणाला होतात, "हात काळं हायती, पर कान तिखट हायत." तेच कान लावून बसलो. तुमच्या ब्रेकची ती कुईं! कितीदा काढतो म्हटलं, तुम्ही काढू दिलीत? "राहू द्या, मी आलो ते म्हशींना कळतं!" मी तीच कुईं ऐकायला थांबलो होतो. कुत्रं भुंकलं, विलास ओरडला, आणि खट् झालं. इंजिनाचा आवाज खाली बसला. म्हणजे वरचा गियर पडला! कुईं काही आलीच नाही. मी उठेपर्यंत धप्प!

पळत गेलो तर हा कडब्यात बसलेला, केसांत पाचोळा. "दाजी, ब्रेक दाबला की वो! खच्चून दाबला! थांबंच ना!"

मामा, हे तर तुमचे शब्द! भांडगावला रसवंतीची बाकडी मोडून चिपाडात बसला होतात, तेव्हाचे. त्या दिवशी विलासची गाडी घेऊन गेला होतात. उभा जन्म डाव्या पायानं ब्रेक दाबलेला माणूस. ट्रॅक्टर आडवा आला, डावा पाय गेला. पण त्या गाडीत डावीकडं गियर! दाबला की वरचाच पडणार. चाकाला अडवणार कोण? ट्रॅक्टरखाली गेला नाहीत, हेच नशीब.

तेव्हा विलास म्हणाला, "आबा, वय झालं आता तुमचं." आणि फटफटीची चावी काढून घेतली. मी सांगत होतो, हा वयाचा नाही, सवयीचा घोळ आहे. पण तुम्हीच मला गप्प केलंत. "जाऊ द्या जावईबापू, झालंच की वय." का पटवून घेतलंत हो? मग एस.टी.त माझ्या शेजारी बसलात, की प्रत्येक वळणाला तुमचा डावा पाय का दाबला जायचा?

काल ते शब्द तोंडातून निघाले आणि विलास मधेच थांबला. स्वतःच्या उजव्या पायाकडं बघत राहिला. तेवढ्यात मामी कपबशी घेऊनच आल्या. लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सुस्कारा टाकला, बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि म्हणाल्या, "तुजंबी वय झालं का रं?"

आधी शैला हसली, मग मी, मग तोही. हसता हसता बाहीनं डोळे पुसले त्यानं. "आई, म्हंजी आबा खरं बोलत व्हते."

"मग? कवा खोटं बोललं व्हय ते?"

हँडल वाकलंय, ते सरळ होईल. विलासनं विचारलं, गियर डावीकडं घेता येईल का? मी म्हटलं, गाडी न्हाई, पाय बदलू.

तर मामा, हा माझा शब्द. मैदानात त्याच्याकडं पाठ करून उभा राहीन आणि अवचित "थांब!" म्हणून ओरडीन. खट् ऐकू न येता कुईं ऐकू यायला लागली, की मगच मामींना मागं बसू देईन. पहिली फेरी भांडगावची. रसवंतीवाल्याला त्या दिवसाचं खरं काय ते विलास स्वतः सांगणार आहे, आणि मामी म्हणाल्या, तो सांगत असताना त्या रस पिणार आहेत.

कुईं काढत नाही, काळजी नसावी.

तुमचा काळ्या हातांचा जावई,
दत्ता