शिरूरचे घर आणि गोणीभर तिसऱ्या

मी, दयाबाई शलमोन पाटोळे, वय अठ्ठावन्न, धर्म ख्रिस्ती, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नजर कमी झाली आहे, पण चष्म्याने वाचता येते. कोणी दटावून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. आताच लिहिण्याचे कारण असे की, आमच्या लोकांना कायद्याने दत्तक घेता येत नाही. मी काही न लिहिता गेले तर रंभाला या घराच्या उंबऱ्यावरही हक्क राहणार नाही, असे वकिलांनी सांगितले.

१. माझे पती डॉ. शलमोन म्हाळू पाटोळे १९७४ च्या फेब्रुवारीत वारले. ते शास्त्रज्ञ होते. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारे दोन शिंपांचे प्राणी. कोकणात खातात, आपल्याकडे कोणाला ठाऊक नाहीत. एका खाडीतल्या तिसऱ्यांचे कूळ दुसऱ्या खाडीतल्यांहून वेगळे आहे का, एवढाच त्यांचा विषय आणि त्यातच त्यांची सगळी नोकरी गेली. माणूस शिरूरच्या कोरड्या मुलखातला, समुद्र पाहिला तो कॉलेज संपल्यावर. धाकटा दीर योहान दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर आहे. तो दर नाताळात विचारायचा, "दादा, तिसऱ्यांची सोयरीक जमवतोस व्हय?" हे म्हणायचे, "आधी भावकी कोण ते कळू दे, मग सोयरीक." सगळे हसायचे. मीही हसायचे.

२. रंभा ही जयगडच्या खाडीवरची. तिची आई सरूबाई ओहोटीला चिखलात उतरून यांना तिसऱ्या काढून देत असे. ती तापाने गेली. बाप त्याआधीच बोटीवर गेला होता, तो परत आला नाही. रंभा चार वर्षांची होती. हे तिला घेऊन आले आणि म्हणाले, "हिला आधी जेवायला वाढ." मी वाढले. तिचे नाव आम्ही बदलले नाही. ती मला आई म्हणते. आता कवठे येमाईला शाळेत शिकवते आणि शनिवारी घरी येते.

हे खाडीत तिसऱ्या काढताना गेले, तेव्हा तीच जवळ होती. चिखलात खाली बसले ते उठले नाहीत. भरतीचे पाणी चढू लागले तसे तिने त्यांचे डोके वर धरून ठेवले आणि माणसे येईपर्यंत हाका मारत राहिली. मी त्या वेळी इथे ज्वारी निवडत होते. तार आल्यावर उरलेली ज्वारी निवडून संपवली. दुसरे काय करायचे ते सुचले नाही. अजूनही फारसे सुचत नाही.

३. शिरूरचे राहते घर, मागचे अंगण आणि विहिरीतला हिस्सा माझ्या पतींनी हयातीतच माझ्या नावावर केला होता. हे सर्व मी रंभाला देत आहे. तिच्या एकटीच्या मालकीचे. यांच्या मातीच्या दिवशी योहान चारचौघांत म्हणाला होता, "वहिनी, पोरगी गुणाची हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण रगत आपलं न्हाई. घर भावकीत ऱ्हायला पायजे." त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. ते इथे देत आहे.

४. ॲल्युमिनियमचे मोठे पातेले. पुण्याला असताना यात मी बटाट्याचे पीठ शिजवून यांना खळ करून देत असे. कपड्यांसाठी नव्हे. खळ काचेवर ओतून थिजवायची, तिच्यात तिसरीच्या मांसाचा रस ठेवून वीज सोडायची. मग रंग टाकला की निळ्या पट्ट्या उमटत आणि त्यांवरून कूळ ताडून पाहता येई. खळीत गुठळी झाली की दिवस फुकट. मी गुठळी होऊ देत नसे. पातेले रंभाला. त्यात भात शिजवू नये.

५. पुस्तके कवठ्याच्या शाळेला द्यावीत. मी चौथी शिकलेले. इंग्रजी पुस्तके शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, सगळी कळली नाहीत. यांच्या लेखावर ज्या विभागप्रमुखांनी स्वतःचे नाव वर घातले, त्यांना माझ्या मातीला बोलावू नये. आले तर चहा द्यावा.

६. शिंपांची गोणी. यांनी प्रत्येक खाडीच्या शिंपा वेगळ्या खोक्यात, चिठ्ठी घालून ठेवल्या होत्या. मयताच्या घरी जावांनी घर आवरायचे, ही आपली रीत. योहानची बायको ग्लॅडिस हिने प्रार्थनासभेआधी सगळी खोकी रिकामी केली, शिंपा सोड्याने घासून धुतल्या, चिठ्ठ्या चुलीत घातल्या आणि सगळ्या एका गोणीत भरल्या. लोकांना बसायला जागा झाली.  त्यानंतर मी तिच्याशी फारसे बोलले नाही.

योहानला हे कळले तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी दौंडहून आला आणि पडवीत गोणी ओतून शिंपा खाडीवार निवडायला बसला. रंग पाहिला, रेघा पाहिल्या. दिवस कलल्यावर म्हणाला, "वहिनी, सगळ्या सारख्याच हायेत की."

"होय," मी म्हणाले.

"मग दादा इतकी वर्सं काय हुडकत व्हता?"

"हेच. शेवटच्या वर्षी सापडलं. पट्ट्यासुद्धा सगळ्या खाड्यांच्या सारख्याच निघाल्या. पिल्लं आधी पाण्यावर तरंगतात, ओढ नेईल तिथं जाऊन बसतात. मग ती तिथलीच."

त्याने शिंपा पुन्हा गोणीत भरल्या आणि चहा न घेता गेला. गोणी रंभाला. तिने ती ठेवावी किंवा खाडीत सोडावी.

७. शिवणयंत्र ग्लॅडिसला द्यायचे मनात होते. पण साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्राने काही देता येत नाही, म्हणून ते मी आजच तिच्या घरी पोचवले आहे. साक्षीसाठी मी योहानला बोलावले आहे. वकील म्हणाले, "बाई, परका माणूस बघा." परक्याची सही मला नको. योहानने सही केली तर माझ्यामागे रंभाला कोणी उंबऱ्याबाहेर काढणार नाही. तो करील की नाही, मला माहीत नाही. त्याची जागा मोकळी ठेवली आहे. त्याने नाही म्हटले तर शेजारच्या रंगुबाई सही करतील.

८. पोस्टातल्या शिल्लकेतून माझी माती करावी. यांच्या शेजारी जागा आहे. दगडावर नाव आणि साल पुरे.

वरील सर्व मी वाचून पाहिले. बरोबर आहे.

शिरूर, ता. १९ नोव्हेंबर १९७८

दयाबाई शलमोन पाटोळे

दयाबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: सावळाराम भिमाजी ओव्हाळ, कंपाउंडर, शिरूर.

साक्षीदार २ (नाव, धंदा, गाव स्वतःच्या हाताने लिहावे): योहान म्हाळू पाटोळे, फिटर, लोको शेड, दौंड. सगळं वाचलं. शलमोनचा भाऊ, रंभाचा चुलता.