बाबांची आखणी चाललीय

वरसे, रोहा
बुधवार, १८ जून

चि. नूतन हिस,

आदेशदादाचा आशीर्वाद. हसू नकोस. दहावीत दोनदा बसलो तरी मोठा मीच आहे. तू तिकडे जर्मनीत बरी असशीलच. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

रोह्यातल्या कंपनीत लागून मला बरेच दिवस झाले. गोव्याच्या टेम्पोनंतर टिकलेलं हे पहिलंच काम. राहतो वरश्याला, वैशालीमावशीकडे. मावशीच्या मांजरीने माझ्याच बॅगेत पिल्लं घातलीत, त्यामुळे मला बॅग भरून कुठे पळता येत नाय. मावशी म्हणते, “देवाने बरोबर जागा दाखवली रे तिला.” पेणचे पापड पोचले का? आईने बारा वेळा विचारलं. तिकडे तळलेस तर शेजारचे पोलीस बोलावतील म्हणावं.

बघ, पापडावर कुठे गेलो.

तू बाबांचा आवाज मागितलास. तुझ्या कोर्समध्ये धंद्याची परीक्षा वेगळी, भाषेची वेगळी, आणि जुलैच्या सुरुवातीला दोन्हींचं मिळून ते एक भाषण. आपल्या हमरापूरच्या कारखान्यातला गणपती परदेशी कसा जातो, ते तू उभी राहून जर्मनमध्ये सांगणार, मध्ये बाबांचा आवाज ऐकवणार. मी आधी म्हटलं रेंज नाय, मग म्हटलं बाबा लाजतात. तू लिहिलंस, “बाबा आणि लाजतात? दादा, थापा मारायला तरी शीक.”

खरंय. नीट येत नाय मला.

तू जाताना शेजारचे बाबाजीकाका ओट्यावर बसून ओरडले होते, “काय रे गुणाजी, पोरगी काय गणपतीला जर्मन शिकवनार? एक काय ते धर म्हनावं, धंदा नायतर भाषा!” बाबांनी मातीचे हात तसेच वर करून सांगितलं, “दोन हातांनी मूर्ती होते, बाबाजी. एका हाताने फक्त तंबाखू तोंडात टाकता येते तुझ्यासारखी.” मला ते सारखं आठवतं. कारण आता त्यांचा एकच हात चालतो, नूतन. डावा.

लिहिलं एकदाचं.

शिमग्यानंतर झालं. पाट उचलायला वाकले ते तिथेच बसले. मेंदूत रक्ताची गुठळी. अलिबागला होते, मग घरी आणलं. आता धरून चालतात, जेवतात, समजतंही सगळं. बोलता येत नाय. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत पण हाताला लागत नायत. येतील कधी? तर सांगता येत नाय म्हणाले. इतकं शिकून त्यांनाही सांगता येत नाय, मग मी कुठे जाऊ विचारायला?

दर रविवारी मी घरी जातो, आणि तू फोन करतेस तेव्हा मोबाईल कारखान्याच्या दाराजवळ धरतो. बाबा पाठमोरे, समोर मूर्ती. आई दबक्या आवाजात म्हणते, “बाबांची आखणी चाललीय, बोलायचं नाय.” तू कारखान्यातली पोरगी. डोळे आखताना माणसाला हाक मारायची नसते, हे तुला आम्हीच शिकवलेलं. तू गुपचूप हात हलवतेस आणि ठेवतेस. पहिल्यांदा विचारलंस, “शिमग्याला कसली आखणी?” तर आई म्हणाली, परदेशी माल आहे. मागच्या रविवारी म्हणालीस, “अजून?” आणि आई आत निघून गेली. बाबांच्या हातात कलम नसतं. नुसते बसलेले असतात. डोळे यंदा जोह्याचा हर्षद येऊन आखून गेला. बाबांनी एक मूर्ती पाहिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

आईचं म्हणणं, तुला कळलं तर धावत येशील, आणि वर्ष अर्धं टाकून आलीस की धंदाही गेला नि भाषाही. तिने मला शपथ घातली. मी विचारलं, कोणाची? म्हणाली, “गणपतीची. समोर उभा हाय, ठेव हात.” ठेवला. पण त्याची आखणी झाली नव्हती. डोळे आखेपर्यंत ती माती, देव नाय, हे घराणं सांगतं. म्हणून मी हे लिहू शकतोय.

आणि पत्रच का, तर फोनवर सांगितलं तर तू आज विमानात बसशील. पोस्टातली बाई म्हणाली, पोचायला तीन आठवडे सहज लागतात. म्हणजे तुझं भाषण झाल्यावर मिळेल. सांगितलं पण, आणि नाय पण. याच्यापेक्षा बरं काय मला सुचलं नाय. लवकर पोचलं तर मात्र माझ्या हातात काय नाय. तसंही कशातच नाय.

एक राहिलं. खरं तर त्याचसाठी बसलो लिहायला.

तू जायच्या आधी कारखान्यात मूर्ती मोजत जर्मन आकडे घोकायचीस, आणि बाबा माती मळताना मागून म्हणायचे. तेवढं राहिलंय. बाकी सगळं गेलं, ते राहिलं. पाणी हवं तर “त्स्वाय”. आईला हाक “द्राय”, ती बिचारी ओ देते. मला “आख्ट”, म्हणजे आठ. मी त्यांच्यासमोर आरती म्हणून पाहिली, त्यांचे नुसते ओठ हलले. “आदेश” म्हणा म्हटलं, तर डोळ्यांत पाणी आणि पुन्हा “आख्ट”. बाबाजीकाका रोज येऊन बसतात. चेष्टा करत नायत. मागच्या खेपेला मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरा, मलाबी शिकव रे चार आकडे. त्याच्याशी बोलायचं राहून चाललंय.” मी काय शिकवणार? मलाच आठच्या पुढे येत नाय.

मग रविवारी तुझा फोन ठेवल्यावर मी तुझा फोटो त्यांच्यापुढे धरला. बराच वेळ बघत राहिले. मग आइन्सपासून सुरू केलं आणि थेट त्स्वोल्फपर्यंत, एकही न चुकता, पाटावरच्या डझनभर मूर्ती मोजून संपवल्यासारखं. आणि वर बघितलं. तू “शाब्बास बाबा” म्हणायचीस ना तेव्हा, त्याची वाट बघत होते. आईने नि मी म्हटलं. त्यांना ते नको होतं.

ते मी मोबाईलमध्ये घेतलंय. तू मागितलेला आवाज हाच. पाठवायच्या बटणावर बोट ठेवतो आणि उचलतो.

पत्र मिळालं की मला फक्त “पाठव” एवढंच लिही. किंवा लिहू नकोस. रविवार येतोच आहे, मी दाराजवळ मोबाईल धरून उभा असेन.

तुझाच,
आख्ट